दोन ते चारचा पहारा

आप्पांनी विठोबाला लाइक केलं ती रात्र मला पक्की आठवते. १ जुलै २०२०. आषाढीची शासकीय महापूजा रात्री दोनच्या पुढे सुरू होते, म्हणून आप्पा दीडलाच उठले, आंघोळ केली, गोपीचंदन लावलं आणि स्वयंपाकघरात पाटावर बसले. समोर तांब्याला टेकवून उभा केलेला माझा मोबाईल. सलग एक्केचाळीस वाऱ्या पायी केलेला माणूस बेचाळिसावी वारी चिंचवडच्या फ्लॅटमध्ये वीतभर काचेवर करत होता. कॅमेरा विठोबाच्या पायांजवळ गेला तसा सवयीने त्यांचा हात पुढे आला. बोट काचेला लागलं आणि पडद्यावरून लाल बदामांची रांग भुर्रकन वर उडाली.

आप्पा दचकले. "काय झालं गं? कुठं हात लागला?"

"काही नाही आप्पा. लाइक गेलं."

"म्हंजी?"

"म्हणजे तुम्हाला ते आवडलं, असं त्यांना कळलं."

आप्पा जरा थांबले. "त्याला ठावं हाय की," म्हणाले आणि परत हात जोडले.

त्या वर्षी पालख्या चालल्याच नाहीत. पादुका फुलांनी सजवलेल्या एसटीतून दशमीला पंढरपुरात पोचल्या, बरोबर मोजके वीस-वीस वारकरी. महापूजेला दरवर्षी दर्शनाच्या रांगेतलं एक जोडपं मानाचं म्हणून निवडतात, पण त्या वर्षी रांगच नव्हती. तो मान गेला मंदिरात वीणेचा पहारा करणाऱ्या एका वारकऱ्याला. हे कळल्यावर मात्र आप्पांचा चेहरा उजळला. माण तालुक्यातल्या आमच्या गावच्या सप्त्यात ते वर्षानुवर्षं वीणेकरी होते. "बघ," म्हणाले, "सगळं बंद पडलं तरी पहारा बंद पडत न्हाई."

तेव्हा मी ते वाक्य नुसतं ऐकून घेतलं.

त्याच आषाढात आमचा हरिपाठाचा ग्रुप सुरू झाला. आप्पांच्या दिंडीतली माणसं, त्यांची मुलं-सुना, त्यांच्या ओळखीचे, असं करत करत त्रेसष्ट जण. रोज संध्याकाळी सात वाजता व्हिडिओ कॉल. मस्कतच्या काकांकडे तेव्हा साडेपाच वाजलेले असत, ते ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून टाळ घेत. न्यू जर्सीतल्या एका सुनेची सकाळ असे, तिच्या मागे दुधाची बाटली उकळत असायची. आमच्याकडे दिवेलागण.

पहिल्या दिवशी जो काही गोंधळ झाला! सगळ्यांनी माइक चालू ठेवलेले, आणि एकाचं 'क्षणभरी' संपतंय तोवर दुसऱ्याचं 'देवाचिये द्वारी' सुरू होतंय. आप्पा टाळ थांबवून म्हणाले, "ह्ये भजन हाय का लिलाव?" मी आयुष्यभर बँकेत संगणकासमोर बसलेली बाई, तेव्हा दुरुस्ती माझ्याकडे आली. मग कळलं की हे दुरुस्त होणारं नाहीच. एकत्र वाजवणाऱ्यांमध्ये सेकंदाच्या तिसाव्या-चाळिसाव्या भागाहून जास्त अंतर पडलं की ताल डळमळायला लागतो. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे दिंडीत पखवाजापासून दहा-बारा मीटर मागे चालणाऱ्यालाही तो तेवढ्याच उशिरा ऐकू येतो, म्हणूनच टाळकरी एकमेकांच्या हातांकडे आणि पावलांकडे बघत वाजवतात, नुसतं ऐकून नाही. व्हिडिओ कॉलमध्ये तर हा उशीर कितीतरी पट. चांगलं इंटरनेट, महागडा फोन, कशानेही तो पुरता जात नाही.

दुसरी गंमत त्याहून बोचरी. टाळ वाजले की आवाज मध्येच बुडायचा. आप्पांचा गळा यायचा, टाळ गायब. शोधलं तर सापडलं की कॉलच्या अॅपमध्ये आजूबाजूचा गोंगाट गाळायची सोय असते. ती माणसाचं बोलणं ओळखून ठेवते आणि बाकीचं कचरा समजून पुसून टाकते. पंख्याची घरघर, मिक्सर, कुत्र्याचं भुंकणं आणि आपले टाळ, सगळे एका माळेचे मणी. सेटिंगमध्ये खोल कुठंतरी ती गाळणी बंद करायची खूण असते, ती मी एकेकाला फोन करून शिकवली. सातवी शिकलेल्या आमच्या आक्का दुसऱ्या दिवशी मला विचारतात, "गोंगाट बंद करायचा बंद केला, आता बरोबर ना?" अगदी बरोबर.

शेवटी रीत ठरली ती अशी : एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी आपापले माइक बंद करून त्याच्या मागे म्हणायचं. आप्पांना हे पचेना.

"मग माझं कोण ऐकतंय?"

"कोणी नाही."

"आणि मी म्हणायचं?"

"म्हणायचं."

ते दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरातून पाहिलं, तर माइक बंद असलेल्या फोनसमोर हा म्हातारा डोळे मिटून, मान हलवत, घसा ताणून म्हणतोय. ऐकायला फक्त कुकर. मला वाटतं त्या संध्याकाळी मी ऑनलाइन जगण्याकडे पहिल्यांदा जरा नीट बघितलं. कारण माझं नेमकं उलटं चाललं होतं.

माझं काय चाललं होतं ते सांगते, लाजत का होईना. मी हरिपाठातल्या एकेका अभंगावर तीन-तीन मिनिटं बोलून टाकायला लागले होते. आधी ग्रुपवर, मग उघड्या पानावर. एक ध्वनिफीत कशी कोण जाणे पसरली, हजारो लोकांनी ऐकली. त्यानंतरचे पंधरा दिवस मी काय केलं असेल तर आकडा बघितला. भाजी चिरताना, बँकेत, रात्री पाणी प्यायला उठले की. बोलण्याचा विषय 'नामस्मरण' आणि स्मरण कशाचं, तर आकड्याचं. पुढच्या वेळी बोलायला बसले तेव्हा अभंगाचा अर्थ आधी सुचेना, टाळी कुठे पडेल ते आधी सुचलं.

वारकरी कीर्तन म्हणजे दोन तास आणि एक अभंग. चरणाला चरण जोडत, प्रमाणं देत, मध्ये टाळकऱ्यांबरोबर चाल उभी करत कीर्तनकार त्या एका अभंगाभोवती फिरत राहतो. त्यात विनोद येतो, पण तो भाकरीबरोबरच्या ठेच्यासारखा. आता मोबाईलवर येतो तो फक्त ठेचा. तीस सेकंद, सासू-सुनेवरची एक कोटी, खदखदून हसणारी मांडी घातलेली गर्दी आणि संपलं. मला त्या कीर्तनकारांचा राग येत नाही. कापणारा कुणी दुसराच असतो. पण मी स्वतःच स्वतःला कापायला निघाले होते आणि मला कुणी सांगितलंही नव्हतं. उघडं पान बंद केलं. फार वैराग्याने नाही, चिडून. दोन दिवस हात शिवशिवत होते.

मध्ये एकदा मोबाईलची एकादशी धरायचा प्रयोगही झाला. महिन्यातून दोन दिवस फोन बंद. आपल्याकडे म्हण आहेच, एकादशी अन् दुप्पट खाशी. द्वादशीला सकाळी सहा वाजता पारणं फिटायचं ते साचलेल्या साडेचारशे मेसेजांनी. चार महिन्यांत सोडून दिली.

नरोटी मात्र टिकली. तिची हकिकत सांगायलाच हवी. लॉकडाउनमध्ये ग्रुपवर अभंगांचा पाऊस पडत होता. हळद-दुधाने अंगी बळ येते, कोमट पाणी प्यावे, घरीच राहावे, आणि शेवटी 'तुका म्हणे'. तुकोबांच्या हयातीत सालोमालो म्हणून कुणी होता, तो तुकोबांच्या अभंगात स्वतःचं नाव घालून आपले म्हणून खपवायचा. तुकोबांनी त्याच्यावर चिडून अभंग केले आहेत. आताचा सालोमालो उदार झालाय. रचना स्वतःची करतो आणि नाव तुकोबांना देऊन टाकतो. आमच्या घरी शासनाने छापलेली गाथा आहे, साडेचार हजारांवर अभंग, मागे सूची. मी सूची लावून एकेक अभंग तपासायचे आणि 'हा गाथेत नाही' असं नम्रपणे लिहायचे. लोक दुखावायचे. ज्याने पाठवला त्याला वाटायचं, भक्तीवर शंका घेतली.

तेव्हा आप्पांनी एकनाथांची गोष्ट काढली. नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ ला, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तीनशे वर्षांत हाताने नकलता नकलता पाठ बिघडले होते, ते सगळे निरखून लावले. आणि शेवटी बजावून ठेवलं की या ग्रंथात जो कुणी पदरची मराठी ओवी घालील, त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजा. नरोटी म्हणजे नारळाची करवंटी. आप्पांनी एवढं सांगितलं आणि आक्का फिसकन हसल्या. दुसऱ्या दिवशी कुणीतरी आल्याच्या रसाचा अभंग टाकला, आणि खाली आक्कांचा एकाच शब्दाचा निरोप, 'नरोटी'. पाठवणाराही हसला. तेव्हापासून आमच्याकडे तपासणीला हाच शब्द आहे. पुढे तो अभंगांपुरता राहिला नाही. औषधांचे सल्ले, दंगलीचे जुने व्हिडिओ, कुणाच्या मरणाची खोटी बातमी, सगळ्याला नरोटी. रोज दहा वेळा 'हे मी पुढे ढकलू का' म्हणून अंगठा रोखणं हीही एक माळ ओढणंच आहे, असं मला हळूहळू वाटायला लागलं. मणी जरा टोचतात एवढंच.

आता एप्रिल २०२१.

ज्यांनी तो महिना महाराष्ट्रात काढला त्यांना वर्णन नको. ग्रुपमध्ये बार्शीचे एक निवृत्त गुरुजी होते. बोलायचे कमी, पण अक्षर वाचल्यासारखे स्वच्छ. त्यांच्या पत्नी सोलापुरात दवाखान्यात होत्या, वॉर्डात कुणाला सोडत नव्हते, आणि गुरुजी घरी एकटे. एका रात्री एक चाळीसला त्यांनी ग्रुपवर लिहिलं, 'कुणी जागं आहे का?'

मी जागी होते. मेसेज वाचला. आपण काय लिहायचं, त्यांच्या जवळचं कुणीतरी लिहील, असं म्हणत दोन मिनिटं थांबले आणि फोन उशीखाली सरकवला. सकाळी सहाला ग्रुप उघडला तर जोडलेल्या हातांची रांगच्या रांग. 'काळजी घ्या माऊली.' 'पांडुरंग पाठीशी आहे.' आणि गुरुजींचं उत्तर : 'आता डोळा लागला होता. रात्री त्रास दिला, क्षमा असावी.'

मेसेज कुणी कधी वाचला हे पाठवणाऱ्याला बघता येतं. मी गुरुजींकडून ती यादी मागवून बघितली. रात्री दोनच्या आत अकरा जणांनी वाचला होता.

हे आप्पांना सांगितलं तेव्हा मी जरा बचावाच्या सुरातच होते. की बघा, मी एकटीच नव्हे. आप्पा खिडकीत बसून वाती वळत होते. म्हणाले, "अकरा जणं जागी व्हती. पर वीणा कुणाच्या गळ्यात व्हती?"

ज्यांनी सप्ता पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं. अखंड हरिनाम सप्त्यात सात दिवस-रात्र वीणा खाली टेकत नाही. मंडपात एक माणूस ती गळ्यात घालून नाम घेत उभा असतो, तोच पहारा. गावागावांत तास वेगळे. आमच्याकडे दोन-दोन तासांचे. पहारे वाटून फळ्यावर नावं लिहिलेली असतात. वेळ झाली की पुढचा येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात, वीणा एकाच्या गळ्यातून निघून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. पुढचा आला नाही तर आधीचा तसाच उभा राहतो. संध्याकाळी कीर्तनाला मंडप भरलेला असतो, तेव्हाचा पहारा सोपा. रात्री दोन ते चार मंडपात कुणी नसतं. सतरंज्या, विझत आलेली समई, खांबाशी मुटकुळं करून झोपलेलं कुत्रं. ऐकणारं कोणी नाही म्हणून तिथे नाम थांबवत नाहीत. आप्पा कायम दोन ते चारचा पहारा मागून घ्यायचे.

आम्ही अकरा जण जागे होतो, ऑनलाइन होतो. पण सगळ्यांच्या गळ्यात असलेली वीणा कुणाच्याच गळ्यात नसते.

त्या दिवशी फळा लिहिला. रात्री दहा ते सकाळी सहा, दोन-दोन तासांचे चार पहारे. सुरू करताना ग्रुपवर लिहायचं, 'पहारा घेतला.' पुढच्याने घेतल्याशिवाय सोडायचा नाही. नियम आप्पांनी घातले, मी टाइप केले. निरुपण करायचं नाही. औषध सांगायचं नाही. सगळं नीट होईल असं म्हणायचं नाही, कारण आपल्याला ठाऊक नाही. खाटेचा किंवा ऑक्सिजनचा नंबर द्यायचा तर आधी स्वतः फोन लावून बघायचा. आणि काय बोलावं सुचलं नाही तर 'मी आहे' एवढंच लिहायचं.

दोन ते चार मी घेतला. अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यातला माझा हा पहिला पहारा. आमच्या गावात बायका हरिपाठ म्हणतात, फुगड्या खेळतात, पंगतीच्या भाकऱ्या थापतात. वीणा बायकांच्या गळ्यात देत नव्हते. कुणी मनाई म्हणून लिहून ठेवलं नव्हतं, फळ्यावर नावच येत नसे. आप्पांनी यावर कधी काही बोललेलं मला आठवत नाही, आणि त्या रात्रीही बोलले नाहीत. फक्त दोन वाजता उठून बाहेर आले, मी सोफ्यावर फोन घेऊन बसलेली बघितली आणि म्हणाले, "बसून पहारा नसतोय."

मग उभी राहिले. गॅलरीत, फोन कठड्यावर, आवाज मोठा करून ठेवलेला. पहिल्या रात्री कुणीच काही लिहिलं नाही. दोन वाजून वीस मिनिटांनी मी कुणा अनोळखी मुलीच्या हळदीचे व्हिडिओ बघत होते. कधी तिथे पोचले ते कळलंही नाही. परत ग्रुपवर आले. दोन पस्तीसला जुन्या पितळी भांड्यांच्या जाहिरातीत होते. परत आले. दोन तासांत असं किती वेळा झालं ते मोजलं नाही, आणि न मोजणं मला तेव्हा नवीन होतं. हायवेवरून अॅम्ब्युलन्स जायच्या. त्यांच्या मधल्या शांततेत मी हरिपाठ म्हणायचे, सत्तावीस अभंग, मग पुन्हा पहिला. पोटऱ्या भरून यायच्या. चार वाजता मस्कतच्या काकांचा मेसेज यायचा, 'पहारा घेतला.' त्यांच्याकडे अडीच.

चाळीसेक रात्रींमध्ये माझ्या वेळेत कुणी काही लिहिलं अशा रात्री नऊ-दहा. बाकी रिकाम्या. लोकांनी नंतर मला विचारलंय, मग उपयोग काय झाला. मला त्या रिकाम्या रात्रीच जास्त आठवतात. ऑनलाइन असून कुणी बघत नाही, कुणी दाद देत नाही, आकडा नाही, आणि तरी हलायचं नाही. गावाकडच्या रिकाम्या मंडपात आप्पा काय करत असतील याचा अंदाज मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी गॅलरीत आला.

अकराव्या की बाराव्या रात्री, दोन पन्नासला, गुरुजींचा मेसेज आला. 'सोलापूरहून फोन आला.'

मी लिहिलं, 'मी आहे.' आणि फोन लावला.

ते बोलले नाहीत. मीही बोलले नाही. पंख्याचा आवाज येत होता, खट्... खट्... एक पातं कुठंतरी घासत असावं. मध्ये एकदा त्यांनी विचारलं, "पातळ कुठलं द्यायचं असतं हो?" आणि मग स्वतःच म्हणाले, "देऊ देणार नाहीत म्हणा." मी हरिपाठाचा पहिला अभंग म्हणायला लागले, दुसऱ्या चरणापाशी गळा बसला, तर पलीकडून त्यांनी तो पुढे नेला. शिक्षक होते, मुलांचं अडलं की पुढचा शब्द द्यायची सवय.

चार वाजून गेले. काकांनी ग्रुपवर 'पहारा घेतला' लिहिलं, पण मी सोडलेला नव्हता. ते काही न विचारता थांबले. साडेचारच्या सुमारास मी गुरुजींना म्हटलं, "आता मस्कतचे काका तुमच्या घरच्या फोनवर फोन करतील. त्यांचा आला की मग मी ठेवते." काकांना तसं लिहिलं. पलीकडे, बार्शीच्या त्या घरात, जुन्या फोनची घंटा वाजली. गुरुजींनी तो उचलला, "हां माऊली" म्हणाले, तेव्हा मी माझा ठेवला.

आप्पा दारात उभे होते. काही बोलले नाहीत. चहा ठेवला होता.

हे सगळं वाचून आमचा ग्रुप म्हणजे संतांची मांदियाळी असं कुणी समजू नये. त्याच वर्षी पावसाळ्यात एका राजकीय मेसेजवरून अशी जुंपली की मी, ग्रुपची अॅडमिन, ताडकन बाहेर पडले. 'तुमचं तुम्ही बघा' असं लिहून. तीन दिवस कुणी विचारलं नाही, आणि मी दर तासाला कुणी विचारतंय का ते बघत होते. चौथ्या दिवशी आक्कांचा फोन. नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट मुक्ताबाईची ओळ, ताटी उघडा. रुसून दार लावून बसलेल्या थोरल्या भावाला धाकटी बहीण समजावते ते अभंग. "अहो आक्का, मी काय ज्ञानेश्वर आहे का," म्हटलं. "न्हाईस, म्हनून तर लौकर उघड," म्हणाल्या.

आणखी एक गोष्ट माझ्या मनात अजून सुटलेली नाही. मंदिरं २०२० च्या दिवाळी पाडव्याला उघडली, पण विठोबाच्या पायांना हात लावून दर्शन २०२२ च्या गुढीपाडव्यापर्यंत बंदच होतं. ग्रुपवर चर्चा चालली होती की घरबसल्या पडद्यावरचं दर्शन खरं की खोटं. आप्पांचं म्हणणं, गर्दीत पोचता आलं नाही तर वारकरी कळसाचं दर्शन घेऊन माघारी फिरतोच की, लांबूनही पोचतं. मीही जोरात मान डोलावत होते. हरिपाठाची सुरुवातच दारात क्षणभर उभं राहण्याने होते, गाभाऱ्यात जाण्याने नाही, असं काहीबाही लिहिलंही. तेव्हा मंगळवेढ्याचे एक दादा, एरवी फक्त रामकृष्णहरी लिहिणारे, म्हणाले : "लांबून दर्शनाचं कौतुक आम्हाला सांगू नका, ताई. चोखोबांची समाधी दाराबाहेर आहे. आमच्या आजोबांना १९४७ साली आत जाता यावं म्हणून साने गुरुजींना दहा दिवस उपाशी बसावं लागलं. तुमची काच वेगळी, आमची वेगळी."

यावर मी काही उत्तर दिलं नाही. दोन निळ्या खुणा दिसल्या असतील त्यांना, आणि खाली काही नाही. ती एक वेळ अशी की काही न लिहिणंच बरोबर होतं, असं मला अजूनही वाटतं. पण आतून खात्री नाही. रात्री त्यांना वेगळा फोन केला. त्यांनी आजोबांची बरीच हकिकत सांगितली. ती त्यांची आहे, इथे लिहीत नाही.

२०२२ च्या जूनमध्ये पालखी पुन्हा पायी निघाली. आप्पांचे गुडघे आता दिवे घाट चढणारे नव्हते, म्हणून गाडीने त्यांना सासवडला नेलं. सोपानकाकांच्या गावी माऊलींची पालखी दोन मुक्काम असते. ग्रुपमधले वीस-बावीस जण तिथे भेटायचं ठरलं होतं. दोन वर्षं रोज संध्याकाळी चौकोनात बघितलेली माणसं, आणि आता ओळखू येईनात. कुणी फारच उंच निघालं, कुणी भलतंच बुटकं. मस्कतचे काका सुट्टी काढून आले होते. दिंडीच्या तंबूबाहेर पाण्याच्या टँकरपाशी ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "दोन ते चार?"

"चार ते सहा?" मी म्हटलं.

एकमेकांच्या पाया पडायला दोघं एकदमच वाकलो आणि डोकी थडकली. गुरुजी मागे उभे होते, त्यांनी हसून दोघांनाही उठवलं. आप्पा प्लास्टिकच्या खुर्चीत बसून हे बघत होते. काका त्यांच्या पाया पडले तसे आप्पांनी त्यांचा हात धरून ठेवला आणि पहिला प्रश्न विचारला :

"रात्री उभं ऱ्हायचा का बसून?"

काका वरमले. "खरं सांगू आप्पा? बसून. गाडीत. घरातली उठली असती."

आप्पांनी थोडा विचार केला. "मग अर्धा धरू," म्हणाले.